चौथ्या मजल्यापर्यंत जाणारा सूर

६ फेब्रुवारी, मंगळवार

औषधाच्या दुकानदाराने डायरी फुकट दिली. कोरी ठेवणं बरं दिसत नाही, म्हणून लिहितो आहे. माझं शिक्षण सातवीपर्यंत, पण अक्षर साहेबांपेक्षा चांगलं, हे सगळं खातं कबूल करायचं.

हिला दवाखान्यात ठेवलं आहे. झटका आला. उजवं अंग गेलं, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, बोललेलं कळत नाही. चौथा मजला, बाथरूमच्या भिंतीलगतची खाट. डॉक्टर म्हणाले, आजोबा, धीर धरा. मी धरलेलाच आहे. पहिल्या संध्याकाळी मी तिथे हजर होतो. हिने माझ्याकडे बघून घशातून कसला तरी आवाज काढला. मला वाटलं, चहा पाहिजे असेल. आणायला खाली गेलो. त्या इमारतीत सगळी दारं एकसारखी. परतीची वाट काही सापडेना, म्हणून घरी आलो.

तेव्हापासून मुलगी जाते-येते. आज फोनवर म्हणाली, बाबा, आई वाट बघते तुमची. मी म्हटलं, अगं, मला खोकला आहे. तिला इन्फेक्शन झालं तर कोण निस्तरणार? ती गप्प बसली. पटलं असावं.

संकल्प: तोंडाचा बाजा बाहेर काढायचा. हिला आवडतं ते संथ गाणं पक्कं बसवायचं आणि मग खाटेशी उभं राहून वाजवायचं. संगीताने मेंदू सुधारतो असं पेपरात आलं होतं. रिकाम्या हाताने जाऊन काय उपयोग? शुक्रवारी जाणार. नक्की.

८ फेब्रुवारी, गुरुवार

सराव सुरू. वाजवताना खोकला येत नाही, बाकी वेळी येतो. डॉक्टरांना विचारण्यासारखी गोष्ट आहे.

बाज्याचा एक सूर मेला आहे. नेमका दुसऱ्या ओळीत लागतो. तिथे मी नुसती फुंकर मारतो. ऐकणाऱ्याने मनातल्या मनात भरून घ्यावा.

दुपारी खालच्या मजल्यावरची शिकवणीवाली बाई वर आली. म्हणाली, काका, तुमच्या कुकरची शिट्टी अडकली आहे का? मुलांची परीक्षा आहे. मी म्हटलं, बाई, हा बाजा आहे. ती म्हणाली, जे काय असेल ते, गॅस बंद करा.

तसाही घरात घुमारा नाही. हिची गादी, हिच्या उशा, प्रत्येक दाराला हिने शिवलेले पडदे. सगळं कापड. आवाज पिऊन टाकतं.

घुमाऱ्यातलं मला कळतं. मी पाणीखात्यात पंप ऑपरेटर होतो. खाली पंपघर, वर आमचं क्वार्टर. पंप बंद असला की मी खाली बाजा वाजवायचो. जाड नळ भिंतीतून वर आमच्या स्वयंपाकघरात जायचा. सूर त्यातून चढायचा आणि ही वरून उलथन्याने नळावर ठोकायची. दोनदा ठोकलं की जेवण तयार. वाढताना म्हणायची, आज तुमची पिपाणी दमलेली वाटली. म्हणजे ऐकलेलं असायचं.

तेव्हा आधी चांगली जागा शोधायची. शुक्रवार पुढच्या शुक्रवारवर ढकलला. घाईत बिघडवण्यात अर्थ नाही.

१० फेब्रुवारी, शनिवार

रस्त्याखालचा भुयारी मार्ग. घुमारा फर्स्ट क्लास, वर्दळ जास्त. टोपीमुळे कान झाकतात म्हणून काढून शेजारी ठेवली. एका बाईने तिच्यात नाणं टाकलं. मी मागे धावलो. म्हटलं, बाई, हे तुमचं पडलं. ती म्हणाली, राहू द्या आजोबा, चहा घ्या. मी तिला सांगितलं की मी निवृत्त माणूस आहे, मला पेन्शन आहे. तिने विचारलं, मग हा आवाज कशासाठी?

कान असलेली माणसं कमी झाली आहेत.

परत येताना वाटलं, गॅस चालू राहिला. धापा टाकत घरी पोचलो. बंदच होता. तसा हल्ली पेटतो तरी कुठे.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

बँकेच्या पैशांच्या मशीनची काचेची खोली. छोटी, पण घुमारा गोड. मशीनमधली बाई मधेच म्हणते, कृपया आपलं कार्ड काढून घ्या. योगायोग असा की ती नेमकी मेलेल्या सुराच्या जागी बोलायची. बसून गेलं गाण्यात.

रांगेतल्या एकाने काचेवर टकटक केलं. आजोबा, पैसे निघत नाहीत का? मी खरं तेच सांगितलं, माझ्याने तरी निघत नाहीत. तो वैतागून दुसऱ्या मशीनकडे गेला, त्याच्यामागे सगळी रांग गेली. मस्त निवांतपणा मिळाला. मग बँकेचा वॉचमन आला. त्याला संगीतातलं काही कळत नाही.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज जायचं होतं. गेलो नाही, कारण बूट चावतो. एरवी तयारी पूर्ण होती.

त्याऐवजी चालत चालत मोठ्या दुकानाच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये गेलो. वरचा सूर लावला आणि एक गाडी बोंबलायला लागली. मग तिच्या शेजारची. मग सगळी ओळ. माझ्या सुरात ताकद आहे हे सिद्ध झालं. पार्किंगवाला हात जोडून म्हणाला, काका, माझी नोकरी घालवू नका.

येताना कोपऱ्यावरच्या लाँड्रीत थांबलो. हिची चादर धुवायला नेली होती. ती येईल तेव्हा स्वच्छ पाहिजे, नाहीतर पहिलं वाक्य त्यावरच. लाँड्रीवाला उदार माणूस. म्हणाला, मशीन गरगरायला लागलं की खुशाल वाजवा, कुणाला काही ऐकू येत नाही. वाजवलं. काचेतून चादर दिसत होती, वर यायची, खाली जायची. फुंकर पुरली नाही, मधेच थांबलो. त्याने विचारलं, काकू दिसल्या नाहीत बऱ्याच दिवसांत? मी म्हटलं, मुलीकडे गेली आहे. लोकांना सगळं सांगत बसायचं नसतं.

चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात. त्यानेच दुसरं टोक धरलं.

१८ फेब्रुवारी, रविवार

मुलगी डबा घेऊन आली. आल्या आल्या सुरू. मी ऑफिस, घर, दवाखाना करून मरते आहे, आणि तुम्ही बसस्टॉपवर बाजा वाजवता? जावयाने पाहिलं म्हणे. मी म्हटलं, जावयांना चष्मा बदलायला सांग, बसस्टॉपवर मी बसची वाट बघत होतो. बाजा तोंडात होता, ती गोष्ट वेगळी.

तिला हसू येईल वाटलं. रडली. थकवा असतो.

मी समजावलं, गाणं होत आलं आहे, फक्त दुसरी ओळ राहिली. ती म्हणाली, बाबा, तिला गाणं नकोय हो. मग काय पाहिजे, ते मी विचारलं नाही. ती सांगेल अशी भीती... म्हणजे, उशीर झाला होता, तिला निघायचं होतं.

उद्या जाणारच.

१९ फेब्रुवारी, सोमवार

गेलो. दवाखान्यात गेलो, हे ठळक लिहून ठेवतो.

लिफ्टने चौथ्यावर पोचलो. दार उघडलं. फिनेलचा वास. लांबलचक बोळ. टोकाला कुणीतरी कण्हत होतं. दार मिटलं. लिफ्ट खाली आली. बटण कुणी दाबलं कळलं नाही. आत मी एकटाच होतो.

पण खेप फुकट गेली नाही. तळाशी जिन्याच्या मागे बघितलं तर तिथून जाड नळ सरळ वर गेलेला. उभा जन्म नळांत गेला माझा. अंदाज घेतला, बरोब्बर हिच्या खाटेमागच्या भिंतीत निघतो. पूर्वी गळती शोधायला आम्ही नळाला सळई टेकवून तिचं दुसरं टोक कानाला लावायचो. आज नुसता कान लावला. आत पाणी बोलत होतं. बाजा नळाला टेकवून पहिली ओळ वाजवली. जिन्यात असा घुमारा उठला की अंगावर काटा आला.

इतके दिवस उगाच भुयारं पालथी घातली. आता वर जायची घाई नाही. सूरच जाईल.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

दवाखान्याच्या वॉचमनने पकडलं. म्हणाला, आजोबा, शांतता राखा ही पाटी दिसते का? मी म्हटलं, तिच्याच खाली उभा आहे, दिसणार कशी? पेशंट कोण तुमचा? चौथ्या मजल्यावर, माझी बायको. मग वर जा की. मी गुडघा दाखवला. लिफ्ट आहे, तो म्हणाला. मी म्हटलं, त्या लिफ्टचा भरवसा नाही, आपोआप खाली येते. त्याने कपाळावर हात मारला. पण माणूस वाईट नाही. चहाच्या वेळी थोडं वाजवा, साहेब राउंडला असतात तेव्हा नको, असं ठरलं.

संध्याकाळी मुलीचा फोन. नवी इमारत, मोठी खिडकी, तळमजला, हवा चांगली, असं बरंच काही सांगत होती. कुणाला तरी घर बघत असेल. माझं लक्ष नव्हतं, कारण मला दुसऱ्या ओळीची अडचण सांगायची होती. शेवटी तिने विचारलं, कळलं ना बाबा? मी म्हटलं, कळलं.

२४ फेब्रुवारी, शनिवार

घाईत लिहितो आहे, अक्षर खराब येणार.

पहिली ओळ वाजवली आणि श्वास घ्यायला थांबलो. नळातून ठक ठक. पुन्हा वाजवली. पुन्हा ठक ठक. दोनदाच.

पायरीवर बसलो. मग उठलो. मग परत बसलो. हिचा डावा हात शाबूत आहे, भिंतीपर्यंत सहज पोचतो. हातात चमचा असेल. डॉक्टर म्हणतात धीर धरा, आणि इथे ही नळावर ठोकते आहे!

वॉचमनला सांगितलं. तो म्हणाला, बरं.

घरी येऊन पोटभर जेवलो. डब्यातली भाजी कालची होती, चालली.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

रोज जातो. रोज उत्तर येतं. आज ठोके फार आले, थांबेचनात. काहीतरी मोठं सांगत असणार. मग मीही सांगितलं. आजूबाजूला कुणी नाही बघून नळाला तोंड लावलं आणि म्हटलं, गॅस बंद ठेवतो. चादर धुतली आहे. खोकला आहे पण थोडा. तुझ्या गोळ्या तुझ्याच डब्यात आहेत, मी हात लावलेला नाही. त्या दिवशी चहा आणायला गेलो होतो, पळालो नव्हतो. लवकर ये, घरात आवाज राहत नाही.

ठक ठक आलं. म्हणजे पटलं.

संध्याकाळी आमचा फोन एकाच वेळी लागला, मुलीचा मला आणि माझा तिला. मी आधी बोलून घेतलं. तुझी आई मला उत्तर देते. कसं उत्तर? ठोकून. ती म्हणाली, बाबा, ऐका, आईचा हात आता... मी म्हटलं, डॉक्टरांना सगळं कळतं असं समजू नकोस. आणि ठेवला. बॅटरी लाल झाली होती.

पोरीला वाईट वाटलं असणार. खाटेशी बसते ती, आणि बोलणं होतं माझ्याशी.

२ मार्च, शनिवार

चार वाजता जिन्यात. वरून एक माणूस उतरला, हातात मोठा पाना, केसांत सिमेंट. म्हणाला, काका, ती पिपाणी तुम्ही वाजवता होय! आणि आम्ही वर डोकं फोडून घेतोय की नळात हवा कुठून धरली. आवाज आला की ठोका, आवाज आला की ठोका. अर्धी भिंत उखडली तुमच्यापायी.

मी म्हटलं, जरा सांभाळून, पेशंट आहेत तिथे. तो म्हणाला, कुठले पेशंट? चौथा मजला रिकामा आहे. बाथरूम गळायला लागलं म्हणून सगळ्यांना मागच्या नव्या इमारतीत हलवलं. त्यानंतरच तर आम्ही कामाला लागलो.

मी त्याला विचारलं, भिंतीलगतच्या खाटेवर एक बाई होती. तो म्हणाला, काका, खाटाच नाहीत.

चांगला माणूस होता. जाताना म्हणाला, गाणं छान होतं पण, एक सूर तेवढा गळतो.

नंतर वॉचमनने खुर्ची आणून दिली. मी पायरीवरच बरा होतो.

३ मार्च, रविवार

शांतपणे विचार केला. हिला हलवलं गुरुवारी, म्हणजे मुलीचा फोन आला त्या दिवशी. मी वाजवायला लागलो सोमवारी. मधले दिवस ती वरच होती. म्हणजे तेवढं तिने ऐकलं. तेव्हा ठोके आले नव्हते, हे खरं. पण मन लावून ऐकणारा माणूस मधेच ठोकत नाही.

नव्या इमारतीतला वॉर्ड तळमजल्याला आहे. जिना नाही. लिफ्ट नाही. खोकला शोधून पाहिला, तोही थांबला आहे. जावयाने बूटही नवे आणून दिले. मोठी अडचण ही की अडचण राहिलेली नाही.

आज पोट बिघडल्यासारखं वाटतंय.

५ मार्च, मंगळवार

गेलो. आत गेलो. वॉर्डात.

ही खिडकीशी झोपली होती. केस बारीक कापले आहेत. मला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल. चेहरा मला वाटत होता तेवढा वाकडा नाही. इतके दिवस डोळ्यांसमोर त्याहून वाईट होता.

शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीची सून संत्रं सोलत होती. तिने विचारलं, काका, कुणाकडे? मी हात केला. ती म्हणाली, यांच्याकडे होय? बिचाऱ्यांची मुलगी फार करते हो. मिस्टर आहेत म्हणे, बाजा वाजवतात म्हणे, पण आम्ही काही कधी पाहिले नाहीत. तुम्ही कोण त्यांचे?

मी म्हणालो, पाणीखात्यातला. ओळखीचा.

ती म्हणाली, बसा मग, उठतील इतक्यात. त्यांच्याकडे मुलीशिवाय कुणी येत नाही, बरं वाटेल. मला संत्र्याची फोड दिली. मी म्हटलं, झोप हेच खरं औषध, उगाच मोडायला नको. फोड खिशात घालून बाहेर आलो.

उद्या मुलगी असताना जाणार. बाजा घेऊन. तिला फोन करून तसं सांगितलंही. ती नुसतं, या, म्हणाली.

६ मार्च, बुधवार

मुलगी वॉर्डाच्या तोंडाशी उभी होती. माझा हात धरून आत नेलं. मी तिला शाळेच्या पहिल्या दिवशी असंच ओढत नेलं होतं. संत्रंवाली सून बघत राहिली. काही बोलली नाही, हे तिचे उपकार.

मुलगी म्हणाली, बाबा, आधी सांगून ठेवते. आईला आता एकच शब्द येतो. अहो. पहिल्या संध्याकाळपासून तोच म्हणायला बघत होती, आता स्पष्ट येतो. दुसरा काही नाही. मी म्हटलं, पण मला ओळखेल ना? ती म्हणाली, मागच्या आठवड्यापर्यंत ओळखत होती. तुमचा फोटो दाखवला की हसायची. तुम्ही फोन ठेवलात ना, त्याच दिवशी सकाळी तिला पुन्हा झटका आला होता. तेव्हापासून मलाही ओळखत नाही.

आवाज न चढवता सांगितलं तिने. रागावली असती तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

ही जागी होती. उशा लावून बसवलेली. मी खुर्ची ओढून अगदी समोर बसलो, गुडघे खाटेला टेकले. बाजा काढला. सिस्टर म्हणाली, हळू वाजवा हं आजोबा. हळूच वाजवलं. सगळं गाणं, दुसऱ्या ओळीसकट. घुमारा कसलाच नव्हता.

हिने ऐकलं. परक्या माणसाचं ऐकतात तसं, नीट, मधे न बोलता. संपल्यावर माझ्या हाताकडे बघितलं. मग मान उंच केली. मग तिरकी केली. माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायची धडपड चालली होती. म्हणाली, अहो.

मी म्हटलं, आलोय गं. हा काय, समोर.

ती पुन्हा तिरकी झाली. पुन्हा म्हणाली, अहो. मी वळून बघितलं. माझ्यामागे दार होतं. लोक आत येतात ते.

मी मधे येत होतो तिच्या. खुर्ची बाजूला घेतली.